पगाराची तारीख

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर
सहा स्कूटर, एक गॅस सिलिंडर, पावांची टोपली,
आणि माझ्या पिशवीत चार पाकिटं.
पैसे दोनांपुरतेच.

कंपनी म्हणजे नक्की काय गं, आई फोनवर विचारते.
कंपनी म्हणजे बंद पडलेल्या तावेर्नामागच्या दोन खोल्या,
भिंतींना अजून फेणीचा वास,
आणि मुठीएवढं एक यंत्र
जे खाजनाच्या मानशीत बसून पाण्याचा खारेपणा मोजतं
आणि भरती चढायच्या आधी शेतावरच्या फोनला सांगतं:
दार बघ.
एवढंच. यासाठी नोकरी सोडली.

सगुण डिचोलीचा. खाणीवरच्या ट्रकांची वायरिंग करायचा.
खाण थांबली, ट्रक अंगणात गंजले,
हात गंजायला तयार होईनात.
मुलाखतीत मी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
तो म्हणाला, बाय, मल्टिमीटर खंय आसा?

एव्हेलिना क्रूझवर हिशेब सांभाळून परतलेली.
माझा खर्चाचा तक्ता तिने पाहिला,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.
हें कितें गो?
त्याच दुपारी ती रुजू झाली, न विचारता.

शर्विला मयेच्या पॉलिटेक्निकची, अजून मला मॅडम म्हणते.

आणि निहार.
झोपेत श्वास घ्यावा तसा कोड लिहायचा.
मार्चमध्ये बंगळूरला गेला.
कदंब स्टँडवर सोडायला गेले तेव्हा
बसच्या खिडकीतून त्याने चार्जर परत दिला,
कंपनीचा होता म्हणून.
मला रडू आलं ते त्या चार्जरमुळे.

मदत करू म्हणणारे पुष्कळ भेटले,
थंडगार सभागृहांत, गळ्यात ओळखपत्रं.
बाजारपेठ केवढी? एकाने विचारलं.
भरतीएवढी, मी म्हणाले.
कुणी हसलं नाही.
मीही ते पुन्हा कुठे म्हटलं नाही.

बाबल मेस्ताने मानशीचं दार बसवताना
खाली बोटभर फट ठेवली.
मी म्हटलं, पूर्ण बंद करा, आकडे चुकतात.
तो रंधा पुसत राहिला.
लाकूड फुगतं, म्हणाला,
घट्ट बसवलेलं दार उघडायच्या वेळेला उघडत नाही.
मी ते वहीत 'हार्डवेअर' खाली लिहून ठेवलं.

दर गुरुवारी रात्री दहाला दुर्गा प्रियोळकरचा फोन.
तिची कंपनी काजूच्या बोंडांचा रस बाटलीत भरायची,
आता बाटल्या तेवढ्या उरल्यात.
सल्ला देत नाही. एकच विचारते:
आज कुणाशी खोटं बोललीस?
काल म्हटलं, सगुणशी. सगळं ठीक आहे म्हणाले.
ती बराच वेळ गप्प.
मग, तारीख किती उद्या?

म्हणून आज चारही पाकिटं टेबलावर, उघडी.
मी सांगितलं. आवाज मध्येच बसला, तरी सांगितलं.
पंखा फिरत होता, एक पाकीट सरकत सरकत खाली पडलं
आणि नेमकं रिकामं निघालं.
शर्विलाचं आधी, एव्हेलिना म्हणाली, तिचं खोलीभाडं आहे.
आणि मला पैसे नकोत, हिस्सा दे. कागदावर. आजच.
सगुण उठला.
दोन महिन्यांपूर्वी सांगायचं होतंस.
मी बायकोला काय सांगू, भरती येणार आहे म्हणून?
त्याचं पाकीट भरलेलं होतं. ते तिथेच राहिलं.
स्कूटरचा आवाज मयेच्या रस्त्याला लागला, विरला.

पहाटे साडेपाच, ओहोटी.
मी एकटीच बांधावरून चालत गेले,
वायर सांधायची मला नीट येत नाही, तरी.
मानशीत उजेड हलत होता.
टॉर्च दातांत, गुडघाभर चिखलात,
माझ्याकडे न बघता तो स्क्रू आवळत होता.
दाराखालच्या बोटभर फटीतून पाणी
बारीक आवाज करत बाहेर चाललं होतं.

मी काहीतरी बोलणार होते.

त्याने टॉर्च काढून माझ्यापुढे केली.
धर, म्हणाला.