रेड ऑक्साइड

भुसावळात मे महिन्यात सगळ्यांचेच पाय जळतात,
म्हणून यांचे वेगळे जळतात
हे मला दोन वर्षं कळलंच नाही.

रात्री उठून मोरीत उभे राहायचे
घोट्यापर्यंत पाण्यात.
नळाचा आवाज होऊ नये
म्हणून तोटीला फडकं गुंडाळायचे.
विचारलं तर, "पाय जयतात गं."
आमच्या बोलीत ळ चा य होतो,
जळणं जरा मऊ होतं.
पायांना बोली कळत नाही.

झांबरे मास्तर पिशवी घेऊन आले.
रिटायर झाल्यावर माणूस काहीतरी धरतो,
त्यांनी डबे धरले.
पांढरा डबा, नव्वद कॅप्सूल, अल्फा लिपोइक.
नाव दोनदा चुकले, मग म्हणाले,
"फेगडे, सोपं सांगतो.
साखरेनं आतल्या तारा गंजतात.
हे गंज काढतं."

एवढंच पुरलं.
एकतीस वर्षं लोको शेडमध्ये फिटर असलेल्या माणसाला
गंज म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही.
फाटक, खिडक्यांचे गज, कूलरचं स्टँड,
दर दिवाळीआधी पॉलिश पेपरनं घासून
रेड ऑक्साइडचा एक हात.
आता तो आतून मारायचा होता.

खोटं कशाला बोलू, फरक पडला.
पाचव्या आठवड्यात एका रात्री
नळ वाजलाच नाही.
मी जागी होते,
तो वाजायची वाट बघत.

डॉक्टर सरोदेबाईंना सांगितलं नाही.
"औषध थोडंच आहे ते!
डब्यावरच छापलंय तसं."
आणि एका हातानं काम होतं
तर दुसरा मारायलाच पाहिजे,
म्हणून एकाच्या दोन झाल्या,
त्याही मला न विचारता.

त्या दिवशी पेपरात पारा सेहेचाळीस होता.
पहाटे तीनला कूलर समोर,
आणि यांची बनियन पिळून काढावी इतकी ओली.
मला म्हणाले, "पाना दे, तेवीसचा."
मी म्हटलं, "अहो, मी आहे."
"तू कोण? पाना दे."
बोटाला सुई टोचली.
मशीनवर चव्वेचाळीस.

साखरेचं पाणी पाजलं, अर्धं उशीवर सांडलं.
मग आठवलं, सावद्याहून भाऊ
नातवासाठी केळ्यांची फणी ठेवून गेलाय.
एक सोललं, बोटांनी कुस्करलं,
एकेक घास दिला.
नऊ वर्षांनी केळं खाल्लं यांनी,
केळीच्या मळ्यात जन्मलेल्या माणसानं,
आणि चव विचारली तर आठवत नाही म्हणतात.

सरोदेबाई रागावतील वाटलं होतं.
डबा हातात घेऊन बराच वेळ वाचत बसल्या.
"हे वाईट नाही हो. काहींच्या पायाला उतार पडतो,
काहींच्या नाही.
पण साखर हेही खाली ओढतं
आणि माझी गोळीही ओढते.
दोघं ओढतायत, अन् मला पत्ताच नाही.
थायरॉइड तपासलंय का कधी?
क्वचित एखाद्याच्या अंगात हे
इन्सुलिनशीच भांडण लावून देतं.
मास्तरांनी सांगितलं हे?"
मास्तरांनी नव्हतं सांगितलं.
मास्तरांची आईही ह्याच साखरेनं गेली,
ते मनापासून विकतात, हे मी मध्येच बोलले.
का बोलले, कोण जाणे.

डबा फेकला नाही.
कॅप्सूल एकच, ती बाईंच्या हिशोबानं.
गोळी अर्ध्यावर आली.
गॅसच्या वहीची मागची पानं
आता आकड्यांची आहेत,
उपाशी, जेवणानंतर, झोपताना.
कळण्याची भाकर अर्धी कमी.

परवा फाटक घासताना
शेजारच्या पोराला सांगत होते,
"गंजावर नुसता रंग मारशील
तर दिसायला लाल, आतून खातच राहील.
आधी घास. दम लागेपर्यंत घास."
मग एकदम गप्प झाले,
ब्रश डब्यातच राहिला.

उजवा पाय बरा आहे.
डावा अजून जयतो, थोडा.
तोटीचं फडकं
मी सोडलेलं नाही.