कोंबडीचे डोळे

दिवेलागणीला माझा झिटो उखळीवर बसून राहायचा.
बाकीची पोरं चिंध्यांचा चेंडू घेऊन लिकुंगोच्या काठाला
आणि हा म्हणायचा, पाय दुखतोय.
सहा वर्षांचं पोर,
आणि पाय दुखायचा तो नेमका सूर्य बुडताना.
मीही किती दिवस पायालाच तेल चोळलं.

मग एका संध्याकाळी पाण्याचा डबा त्याच्यापुढे धरला,
तर त्यानं हात पसरले माझ्या डावीकडे,
जिथं मी नव्हतेच.

शेजारची मुआनाशा म्हणाली, कोंबडीचे डोळे झालेत याला.
सासू म्हणाली, नजर लागली.
लागली कुठली?
नजर निघून चालली होती घरातून,
रोज थोडी थोडी, न सांगता.

तसं आमच्याकडे कमी काय होतं?
पोट भरत होतं.
कसाव्याचं पीठ पांढरं, मक्याची शिमा पांढरी,
सणासुदीला भात, तर तोही पांढरा.
धुतल्या कापडासारखं जेवत होतो आम्ही,
आणि पोटभर जेवलेली पोरं
गोवरात फुंकर मारल्यासारखी विझत होती.
माझी अमेलिया तशीच गेली.
तिच्याविषयी इथं एवढंच.

दवाखान्यात लाल कुपीचं टोक कापून
पोरांच्या तोंडात पिळतात, सहा महिन्यांतून एकदा.
पण त्या वर्षी पुरानं पूल नेला
आणि दवाखाना पलीकडच्या काठावर राहिला.

लौरिंदा आली ती होडीत सायकल घालून.
कॅरिअरला ओल्या गोणपाटात गुंडाळलेले वेल,
पानं मरगळलेली, दांड्या काळवंडलेल्या.
मी म्हटलं, बाई, हे शेळीला घाल.
ती हसली नाही. पिशवीतून एक रताळं काढलं,
सुरीनं मधोमध कापलं,
आणि आतून जे निघालं
ते पिकल्या पपईच्याही पुढचं काहीतरी होतं.

जादूबिदू नाही, म्हणाली, अ जीवनसत्त्व आहे.
पण नुसतं उकडून देऊ नकोस.
शेंगदाणे कुटून घाल, नाहीतर नारळाचं दूध.
स्निग्ध काही असल्याशिवाय ते अंगी लागत नाही.
पोराच्या डोळ्यांत तेल घालायचंय ना?
मग ते पोटातून घाल.
आणि वेलाची कोवळी पानं टाकू नकोस,
त्यांची भाजी कर.

बाझिलियु गुरुएच्या चहामळ्यातून आला,
ताटाकडे बघून म्हणाला, भोपळा का शिजवलास?
रताळं, म्हटलं.
रताळं म्हणजे बायकापोरांचं खाणं, म्हणाला.
मग आणखी एक घेतलं. आवाज न करता.

ऑगस्टात सगळं वाळून जातं.
रताळं पोत्यात राहत नाही मक्यासारखं,
ते वेलातच जगवावं लागतं पुढच्या पावसापर्यंत.
न्हाणीमागे हातभर वाफा केला,
आमच्या अंगावरून उतरलेल्या पाण्यावर तो तगला.
मी साबण कमी लावायला लागले.
मुआनाशाचे वेल गेले तेव्हा तिला माझ्यातले दिले,
पुढल्या साली माझे उंदरांनी कुरतडले
तेव्हा तिनं माझेच मला परत आणून दिले.
आता कुणाचे कुणाचे, ठाऊक नाही.

किती दिवसांत गुण आला, विचारू नका.
मी मोजत नव्हते, मी घाबरत होते.
एवढं आठवतं की एक दिवस उखळ रिकामी होती
आणि मला ते उशिरा लक्षात आलं.

काल सूर्य बुडाला.
तांबडी कोंबडी आंब्याखाली चाचपडत होती,
खुराडं दोन हातांवर, पण तिला सापडेना.
झिटो काठावरून आला, अंधारातून सरळ,
मुळांवरून उडी मारून.
तिला उचललं, छातीशी धरलं,
तिच्या डोळ्यांत वाकून बघितलं
आणि मला म्हणाला,
आई, हिला काय खायला घालूया?