शेवटचा रेडिएटर

ओसाझे कोट घालून झोपतो हे मला मंगळवारी कळलं.
तेही त्यानं सांगितलं नाही;
चादर बदलायला गेले तर उशीखाली कोटाचं बटण.

इकडं स्वयंपाकघरात खिडकी उघडायची पाळी.
बॉयलरशेजारचा रेडिएटर असा तापलेला
की मांजरसुद्धा हातभर लांब बसतं.
जिन्यावर कोमट. वर, मागच्या खोलीत,
टॉडमर्डनच्या टेकडीवरचा दगड आणून भिंतीला लावल्यासारखं लोखंड.

चार वर्षांनी रसेलला फोन केला.
लर्विकला वारा सुटला होता, फोनमधून तोच आधी आला.
"आजारी आहेस?"
"नाही. रेडिएटर."
पलीकडं श्वास मोकळा झाला, आणि माझा भाऊ,
आईच्या अंत्यविधीला दोन वाक्यांच्या पुढं न गेलेला,
बोलायला लागला तो थांबेचना.

आधी सगळं बंद कर. निवू दे.
किल्ली कुठंय?
मीटरजवळच्या खिळ्याला, तू टांगलीस तिथंच, बुटाच्या नाडीत.
वरून गार की खालून?
वरून गार म्हणजे हवा. खालून गार म्हणजे गाळ.
आणि सगळाच गार असला तर?
तर मग बघू.

सातही रेडिएटरांची हवा काढली.
बैठकीतल्याचा आवाज सगळ्यात मोठा,
कुणीतरी जिभेवर आलेलं वर्षानुवर्षं गिळत बसावं
आणि एकदम सोडावं तसा;
मागून काळं पाणी, थेट आईच्या चांगल्या टॉवेलवर.
कुठला टॉवेल ते त्याला सांगितलं नाही.

नऊ वाजता बॉयलर परत सुरू केला.
"पाणी आळशी असतं, बेव्ह," तो म्हणाला,
"जवळची वाट मोकळी दिसली की तिकडंच वळतं.
जवळच्याचा काही दोष नसतो.
पण त्याचा गळा थोडा आवळावा लागतो,
तेव्हा कुठं लांबच्याला घोटभर मिळतं."

मी म्हटलं, जवळच्यालाही विचार कधीतरी,
सतरा वर्षं उकळत राहणं कसं असतं ते.

वारा.
मग, "पाना घे. दहाचा."

स्वयंपाकघर: पूर्ण बंद, मग पाव फेरा.
बैठक: अर्धा. न्हाणीघर: अर्ध्याला जरा कमी,
तिथला नट गंजलेला, माझ्या बोटाचं साल गेलं.
प्रत्येक वेळी दोन्ही नळ्यांना हात लावायचा,
जाणारी किती गरम, येणारी किती,
आणि तेवढंच त्याला सांगायचं.
आम्ही तासभर असं बोललो.

मागच्या खोलीत व्हॉल्व्हचं पांढरं टोपण सुरीनं काढलं.
"हा सगळ्यात लांबचा. याला पूर्ण मोकळा सोड.
आता किती फेरे उघडा आहे?"
उजवीकडं फिरवून पाहिला. हलेना.
"एकही नाही."
"म्हणजे बंदच? कुणी केला?"

तेव्हा आठवलं. तो गेला त्याच जानेवारीत
मी मोज्यांवरच वर आले होते, हाच पाना घेऊन.
रिकाम्या खोलीला ऊब कशाला, असं मोठ्यानं म्हणाले होते,
ऐकायला कुणी नसताना.
टोपण बसवलं, हात धुतले,
आणि खरंच विसरले.

"आई असेल," मी म्हटलं.
"आईला डबा उघडता येत नव्हता, बेव्ह."
जरा वेळानं: "डावीकडं. चार फेरे."

तिसऱ्या फेऱ्याला नळीत खळखळलं.
"आलं ऐकू," तो लर्विकहून म्हणाला.

ओसाझे हॉस्पिटलातून आला तेव्हा मी अजून जमिनीवरच बसलेली.
त्यानं रेडिएटरवर तळवा ठेवला, मग दुसराही.
कोट काढला नाही.
"खालचा अर्धा गारच आहे," मी फोनमध्ये सांगितलं.
"तो गाळ. उतरवून बाहेर नेऊन धुवावा लागेल.
एकटीनं उचलू नकोस, पाण्यासकट फार जड असतो."
"मग?"
तो काही म्हणाला नाही. मीही फोन ठेवला नाही.

टोपण परत बसवलेलं नाही.
खिडकीत आहे, बटणाशेजारी.
सुईदोरा खाली आहे, तो आणायचाय.