चार तुझ्या, चार माझ्या

सिल्वर मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर
दुकानदारानं काचेवर दोन डबे ठेवले.
हा शंभरचा, सहाशे नव्वद.
हा हजारचा, चौदाशे.
"दीदी, आजकल शंभर कौन लेता है,"
आणि शेवेचा पुडा पुढे केला.
विचारून सांगते, म्हटलं.
विचारायला कोणी नाही, हे त्याला कुठलं माहीत.

नंदलालपुऱ्यात खाली कुलूप-किल्लीवाला, वर आम्ही,
नकाशे काढून देणारे.
मोठा नकाशा सर्व्हरवरून येईपर्यंत
मी चहा गाळून आणते.
कधी तो आधी पोचतो, कधी मी.
जुना स्विच सोमवारी जळला. फळीला अजून वास आहे.

हजारचाच घ्यावा म्हणून
भिंतीतली डबी उघडून बघितली,
तर आठांतल्या चारच तारा माझ्याकडे,
केशरी जोडी, हिरवी जोडी.
निळी आणि तपकिरी वळून गेलेल्या
बिडवईजींच्या टेबलाकडे.

मी नवी लागले तेव्हा
मालक नव्या वायरीला पैसे देईनात.
हे रविवारी आले, चष्मा कपाळावर,
आणि स्वतःची वायर सोलून दोघांत वाटली.
"शंभरला चार पुरतात.
चार तुझ्या, चार माझ्या.
बोलू नकोस कुठे, नियमात बसत नाही हे."

अकरा वर्षं एकाच करड्या नळीतून
माझी गटारं नि त्यांचे जिने
शेजारून गेले.

हजारला आठही लागतात.
म्हणजे त्यांच्या चार काढून माझ्याकडे जोडायच्या,
दहा मिनिटांचं काम.
त्यांच्या टेबलावर आता कागदाची रिळं
आणि साइटवरच्या पोरांची हेल्मेटं.
मार्चपासून त्या तारांतून
काही म्हणजे काही गेलेलं नाही.

पकड हातात घेऊन बसले.
फार नाही, एक नकाशा येईल इतकं.

शंभरचा आणला.
मालकाला सांगितलं, नवा मुलगा ठेवाल त्याला लागेल ती तार.
तेही हो म्हणाले.
नवा मुलगा ठेवायचा नाहीये, हे दोघांनाही ठाऊक.

एक नंबरचा दिवा लागला.
दोन नंबरला त्यांची पिन खोचून ठेवली,
धूळ जाऊ नये म्हणून.

रामबागेतल्या त्या बंगल्याचा तळमजला
अजून उघडतोय, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं.
आधण ठेवते.