बरी नोड्री

रविवारी सकाळी सातला
निपाणीतल्या आमच्या विहाराचा पत्रा अजून गार असतो.
सतरंजीवर अकरा जणं. मी खांबाला टेकून,
गुडघ्याखाली चवाळं दुमडून.

शिकवतो यमनाप्पा, हुक्केरीचा.
हेस्कॉममध्ये चौतीस वर्षं खांबावर चढला,
आता लोकांना खाली बसवतो.
म्हणतो, आक्का, पाठ सरळ, पण ताणू नका.
तारेला झोल लागतोच,
बिनझोलाची तार थंडीत तुटते.
डोळे मिटा. नाकाच्या शेंड्याशी थांबा.
येतोय का, जातोय का.
ओढायचा नाही, ढकलायचा नाही.
बरी नोड्री.

चाळीस वर्षं हे नाक मी पदरानं बांधून ठेवलं.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
खकाणा भाकरीतसुद्धा.
श्वास म्हणजे चुकून आत गेलेली वस्तू,
खोकून बाहेर काढायची.
आता म्हणे, त्याच्याकडं बघ.
दारातल्या अनोळखी पाव्हण्याकडं बघावं
तसं बघितलं.
आत येताना गार होता.
जाताना जरा ऊन.

मोजा म्हणाला, एक ते दहा, मग परत एक.
हात ऐकेनात. आमचा कट्टा पंचवीसचा.
दहा कधी गेले कळत नाही,
बोटं रिकामंच पान वळायला लागतात,
अठराव्याला, तेजस्विनीनं दूध घेतलं असेल का,
एकोणिसाव्याला, कारखान्यातला चेकर.

मूठभर उचलायचा, एकेक दोन बोटांत दाबायचा.
ढिली. आखूड. तोंड फाटकं.
छाट.
हजारात शंभर छाट, नऊशेचे पैसे,
आणि छाटलेल्याही त्याच्याच पोत्यात.

यमनाप्पाला सांगितलं, सर, माझे निम्मे श्वास छाट.
लक्ष नसतानाच गेले.
तो हसला. मग अर्धं कानडीत, अर्धं मराठीत,
मोर्चा नसला की इथं सगळेच बोलतात तसं,
म्हणाला, लक्ष गेलेलं कळलं ना?
मग तो कळलेला धरा.
गेलेल्याचं बिल कोण मागतंय?
पुन्हा एक.

जन्म इथं गेला, तरी माझी कानडी बाजारापुरती.
त्याचं ते 'बरी' मी सहा रविवार चुकीचं ऐकलं.
बरी म्हणजे नुसतं. नुसतं बघा, एवढंच.
मला वाटायचं, तो सांगतोय,
बरी आहेस, बघ.
कुणी विचारलं की बरी म्हणायची सवयच.
ताप असला तरी बरी, मजुरी कापली तरी बरी.
डोळे मिटून पहिल्यांदा तपासलं, खरंच आहे का.
गुडघा ठणकत होता.
उजव्या कुशीत जुनी घरघर, पावशेर.
बरी नव्हते.
नुसती होते.

आता रोज पाच मिनिटं,
पानं भिजलेली, कात्री अजून भिंतीला,
तेवढ्यात बसते.
कधी शिंक येते. शिंकते. पुन्हा एक.

शेवटी मैत्री. सर्वांना सुख लाभो म्हणायचं,
आधी स्वतःला, मग घरच्यांना,
मग ज्यानं त्रास दिला, त्यालाही.
सून झाली.
नळावरून बोलणं बंद केलेली शेजारीण झाली,
तिला दोनदा म्हटलं.
चेकरपाशी आले आणि अडले.
यमनाप्पा म्हणतो, जबरदस्ती नाही.

मी त्याला दोन बोटांत धरलं,
दाबून बघितलं.
छाट केला नाही.
कट्ट्यातही बांधला नाही.
सुपात कडेला ठेवलाय.
येत्या रविवारी बघू.