सोडणाचा धूर

ऐरोलीतले खाडीचे डास
सातव्या मजल्यावर लिफ्टनेच येतात
अशी माझी समजूत.
काल वीज गेली, लिफ्ट बंद.
तरी आले.

सकाळी दिवागावच्या वेणूबाईनं
बोंबलांसोबत फुकट दिलेली नारळाची सोडणं
आणि कडुनिंबाचा एक डहाळा.
"जाल नको करू गो, निस्ता धूर."

मी जाळच केला.
मग पाणी शिंपडलं, आणि धूर
दाराखालून जिन्यात उतरला.

बॅटरी घेऊन बनियनवरच वर आले
सेक्रेटरी प्रधानकाका.
खोकले. नियम सांगू लागले,
कितवा ते विसरले.
"आमच्या गोठ्यात, तिन्हीसांजेला..."
एवढंच म्हणाले,
आणि उंबऱ्यावर टेकले.
डास त्यांनाही चावत होते.

आज त्यांच्या दारात
वेणूबाईची पाटी उतरलेली.
घासाघीस चाललीय.
सोडणांची.