अस्तर

मुलुंडच्या दवाखान्यात डॉक्टरनं
मला आरशासमोर उभं करून
जांभळ्या पेनानं छातीवर रेघा ओढल्या.
मला हसू आलं.
आई खडूनं ओढते तशाच,
फक्त आई आधी कापड झटकते.

दोन महिन्यांपूर्वी, कागद लिहून देणाऱ्या बाईंनी विचारलेलं,
"म्हणजे पुरुष व्हायचंय."
नाही.
"मग?"
मग काय, ते मला धड सांगता येईना.
सपाट, म्हटलं. सपाट व्हायचंय.
त्यांनी चष्मा पुसला
आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलं, बरंच लांब.

आई आली नाही दवाखान्यात.
ऑर्डरी आहेत, म्हणाली.
लग्नसराई होती. खरंच होत्या.

परतताना रिक्षात उशी पोटाशी धरून मी,
शेजारी उल्का.
दर खड्ड्याला ती ओरडे, काका, हळू, टाके आहेत.
"बाळंतपण का?"
"तसंच काहीतरी," उल्का म्हणाली.
भांडुपच्या पुढे डावीकडे मिठागरं,
पांढरी, आडवी,
कुणी हात फिरवून सारखी केल्यासारखी.
मी बघत राहिलं.

हो, राहिलं.
चालायला लागेपर्यंत मी 'ते' होतं या घरात:
ते रडतंय, ते जेवलं का, ते पडलं बघ.
मग कधीतरी फ्रॉक आला, आणि 'ते' गेलं
बाळुत्यांबरोबर माळ्यावर.
मी ते परत काढलं, मोठेपणी, एकटं:
मी आलं. मी दमलं. मी निघालं.
ऑफिसात म्हणतात, तुझं मूळ गाव कुठलं गं?

कन्नमवार नगरात बत्तीस वर्षं आईनं ब्लाउज शिवले.
टक्स कुठे घ्यायचे हे तिला
बाई दारात उभी राहिली की कळतं.
माझाही शिवला होता एक, कॉलेजच्या साडी डेला,
पाठीला बंद, बंदांना लटकन.
एकदाच घातला.
ती विसरलेली नाही.

दोन्ही काखांतून दोन नळ्या,
नळ्यांना दोन फुगे, फुग्यांत लालसर पाणी,
सेफ्टी पिनांनी बनियनला टाचलेले.
तिनं पाहिलं. बोलली नाही.
रात्री मशीन चालू होतं उशिरापर्यंत.
सकाळी उशाला दोन पिशव्या, गळ्यात अडकवायला नाडीसकट,
उरलेल्या अस्तराच्या:
एक चिंतामणी, एक मोतिया.

मापांच्या वहीत, सौ. भालेकरांच्या पुढच्या पानावर,
ती लिहू लागली:
डावी तीस, उजवी पंचवीस.
डावी बावीस, उजवी अठरा.
पानावर नाव कुठलं घालावं याचा विचार केला असणार तिनं;
एक अक्षर खोडलेलं दिसतं.
मग वर लिहिलंय, घरचं.

तिसऱ्या रात्री तीनला मी रडलं.
कशासाठी, अजून माहीत नाही.
पश्चात्ताप नव्हता. आनंदही नसावा.
भुलीचं असेल, उल्का फोनवर म्हणाली, आणि जांभई दिली.

पट्टी निघाली तेव्हा आईनं चष्मा लावला.
वाकून पाहिलं, जवळून, जसा दुसऱ्याचा हात पाहतात तसा.
"टाका बारीक आहे," म्हणाली.
"डावीकडे ओढलाय जरासा."
मग बराच वेळ काही नाही.
"दुखतं?"
कळतच नाही, म्हटलं. आतून बधिर आहे.

चिपळूणहून मावशीचा फोन.
मी डोळे मिटून पडलेलं.
"ते झोपलंय," आई म्हणाली.
चुकून म्हणाली, की माझ्यासाठी, की मावशीला टाळायला,
मी विचारलं नाही.
विचारलं तर ती सांगेल, आणि मग ते तेवढंच उरेल.

काल टेप घेऊन आली.
वहीत छाती सगळ्यांनाच असते,
बाबांच्या बंडीच्या पानावरही आहे, छाती चाळीस.
तिनं टेप फिरवली, मला ती लागली नाही,
तिची बोटं फक्त दिसली.
"टक्स नकोत."
नकोत.
"कापड वाचेल मग पाव मीटर,"
आणि शर्टाचं कापड झटकून
ती खडू शोधायला लागली.